मामीचा मोबाईल चार्जिंगला

सखुमामी गेली तेव्हा तिच्या जागेवर पिठावर दिवा लावला. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो, म्हणून बारकूमामा तिथंच बसून तेल घालायचा. बाजूच्या बोर्डाला मामीचा मोबाईल लावलेला होता. दहाव्याला दिवा निघाला. मोबाईल काय निघाला नाय.

मामीला लिहिता येत नव्हतं. बाजाराला जायच्या आधी ती मोबाईलात बोलून ठेवायची, आणि दुकानात गेली की कानाला लावून ऐकायची. "पावशेर शेंगदाणे. हिंग. निरम्याची पुडी. ह्यांची तंबाखू, पण एकच." असे चौदा आवाज होते त्यात. मामीचं बाकी काहीच बोलणं राहिलं नव्हतं मागं.

आधीच्या बटनाच्या मोबाईलची बॅटरी बसली तेव्हा सगळे नंबर गेले होते. तेव्हापासून मामाच्या डोक्यात पक्कं होतं, की आतलं सगळं बॅटरीच्या जीवावर. ती उतरली की मामीचा आवाज गेला. म्हणून शंभर टक्के, कायम. अंबडला कंपनीत गेटवर ड्युटी होती, तीबी सोडली. लाईट गेली आणि घरात कुणी नसलं तर?

कळवणला लेकीच्या, मीनाच्या पोराचं बारसं झालं. मामा गेला नाय. मीना बापाला दादाच म्हणायची. फोनवर म्हणली, "दादा, एक दिवस. एसटीनं या, एसटीनं जा."

"बोर्डापाशी कोण बसंल?"

"बोर्ड पळून जातोय का?"

मामानं फोन ठेवला. घरातून चहाच्या टपरीपर्यंत गेला तरी त्याचा जीव त्या पिनपाशी. दहा मिनटं झाली की माघारी. नातू रांगायला लागला, मामानं त्याला अजून बघितलाबी नव्हता.

अकरा महिन्यांनी मोबाईलच्या काचेला फट पडली. मागून पाठ वर आलेली, पापडावाणी. पिन काढली की साठ टक्के दाखवायचा आणि दोन मिनटात बंद. मामानं रबर लावून दाबून ठेवला. कुणाला बोलला नाय. शेवटी मीनाच पोराला घेऊन नाशकाला आली. तिनं हात लावला तर मोबाईल चटका देत होता.

"दादा, हा फुटंल एखाद्या दिवशी. घर पेटवाल."

मामा हातातून सोडंना. पिनसकट धरून बसला. मीनानं पोराला त्याच्या मांडीवर बसवलं, तेव्हा एक हात सुटला.

पाथर्डी फाट्याला सोमनाथचं रिपेरिंगचं दुकान. त्यानं रबर काढलं आणि मामाकडं बघितलं. "मामा, याला जेवू घालून घालून मारलं की तुम्ही. कायम पोट भरलेलं, वरून गरमी. बॅटरी अशीच लवकर म्हातारी होती."

"मी तर जपली."

"लय जपली. ऐंशीला काढायची, वीसच्या खाली जाऊ द्यायची नाय, थंड जागी ठेवायची. बस."

"आणि आवाज?"

"आवाज बॅटरीत नसतो मामा. तो आतल्या चिपवर. बॅटरी काढली तरी तिथंच राहतो."

मामानं दोनदा विचारलं. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. बारसं, ड्युटी, अकरा महिने, सगळं त्या पायरीवर त्याच्या अंगावर आलं असंल. 

मीनानं आधी सगळे आवाज आपल्या मोबाईलात घेतले. मामा म्हणला, "ती नक्कल." सोमनाथनं नवी बॅटरी टाकली. चौदाच्या चौदा होते.

"आता किती वर्षं?" मामानं विचारलं.

"दोन-तीन. वापरली तितकी झिजती. नुसती ठेवायची असली तर अर्धी भरून बंद करून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत अर्धी भरा."

इथंच चुकलं. सोमनाथनं सहज सांगितलं, मामानं गाठ मारली. मोबाईल अर्धा भरला, बंद केला, मामीच्या पातळात गुंडाळून पेटीत घातला, किल्ली करगोट्याला. आता बोर्ड सुटला तर पेटी लागली. ड्युटी नाय, टपरी नाय. आणि आवाज तर एकदाबी लावला नाय. मीना राहिली होती तिथंच. चौथ्या दिवशी म्हणली, "दादा, पोराला ऐकवा ना आजीला."

"झिजंल."

"मग ठेवलाय कशाला?"

मामानं करगोट्याची किल्ली सोडली. पेटी उघडली. मोबाईल चालू झाला, मामीचा आवाज लागला, आणि मामाची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर. पन्नासचे एकोणपन्नास झाले. आवाज थांबला.

"काय म्हणली आई?" मीनानं विचारलं.

मामाला सांगता येईना. त्यानं ऐकलंच नव्हतं.

त्यानं मोबाईल पालथा करून मीनाच्या हातात दिला. "तू लाव," म्हणला, आणि नातवाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसला.