शेऱ्याचा रकाना

चार एप्रिल. मार्चचं पगारपत्रक आखायचं होतं. मोठा पांढरा कागद, लाकडी पट्टी, निळं पेन, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच एक नवा रकाना: व्यवसाय कर.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. नवऱ्याची नांदेडहून बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो आणि मला अशाच एका क्लासच्या ऑफिसात नोकरी लागली. फी घेणं, पावत्या देणं, आईबापांची समजूत घालणं आणि शिक्षकांचे पगार करणं ही माझी कामं. क्लासचे मालक स्वतः गणित शिकवायचे. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

फेब्रुवारीत विक्रीकर कार्यालयाची नोटीस आली. मोठे सर चिडले. "मी तर दर साली भरतो की व्यवसाय कर! पावती हाय माझ्याजवळ."

पावती खरंच होती. ती घेऊन मी कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला आणि न वैतागता समजावून सांगितलं. धंदा करणाऱ्याने स्वतःपुरता भरायचा तो कर वेगळा, आणि ज्याच्याकडे पगारी माणसं आहेत त्याने त्यांच्या पगारातून कापून भरायचा तो वेगळा. नोंदणी वेगळी, कागद वेगळे. मोठ्या सरांनी पहिलं केलं होतं, दुसरं त्यांच्या गावीही नव्हतं. मी नोंदणीचा अर्ज तिथेच बाकावर बसून भरला.

शिक्षकांना सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये गलका झाला.

"आमचा पगार इन्कम टॅक्सात बसतच न्हाई, मॅडम."

"इन्कम टॅक्स दिल्लीचा. हा मुंबईचा. दिल्लीने सोडलं म्हणून मुंबई सोडत नाही."

"म्हणजे दोन सासवा," फिजिक्सचे सर म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत बोलायचंच असे.

"दोन. आणि दोघींचा चहा वेगळा करावा लागतो," मी म्हटलं आणि काम संपवलं.

केमिस्ट्रीचे सर कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. ते औसा तालुक्यातल्या एका गावचे. भूकंपात त्यांच्या घरची तीन माणसं गेली आणि भिंतीखाली सापडलेला उजवा पाय गुडघ्यातून कायमचा ताठ राहिला. वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असे, तिच्यावर ते डस्टर ठेवायचे. दोन-दोन तासांच्या बॅचेस उभ्याने घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेलं भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. "याच्यावर काही सूट हाय का बघा. आमच्याकडं हे सगळीकडं दाखवतात."

ते खरं होतं. त्या भागातली माणसं ते प्रमाणपत्र कॉलेजात दाखवत, नोकरीच्या अर्जाला जोडत, एकाने तर ते आमच्याकडे फी कमी करायला दाखवलं होतं. मी कार्यालयात पुन्हा गेले तेव्हा विचारलं. कारकुनाने मान हलवली. भूकंपग्रस्ताला या करात सूट नाही. पण कायमचं अपंगत्व असेल तर आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र मालकाकडे द्यायचं, मग कापायचं नाही.

मला बरं वाटलं. गरीब माणसाचे चार पैसे वाचतील. सरांना मी विचारलं नाही. फायद्याची गोष्ट विचारायची कशाला, असा माझा हिशोब. प्रमाणपत्र ते मागाहून आणतील असं धरून मी चार एप्रिलला त्यांच्या नावापुढे कराच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अपंग, करमाफ.

आमचं पगारपत्रक एकच असायचं. स्टाफरूमच्या टेबलावर ते फिरायचं, प्रत्येकाने आपलं पाकीट घ्यायचं आणि आपल्या नावापुढच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची. सही करताना वरचं-खालचं सगळं दिसतंच. फिजिक्सच्या सरांनी सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"लई नशीबवान बुवा तुम्ही, सर. पाय गेला, पण कर वाचला!"

दोघं-तिघं हसले. केमिस्ट्रीचे सरही हसले. मग त्यांनी शेरा वाचला, पेनाला टोपण लावलं, पाकीट टेबलावरच ठेवलं आणि बॅचवर निघून गेले.

बॅच सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी बसा म्हटलं. बसले नाहीत.

"मॅडम, हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कायद्यात सूट आहे. सिव्हिल हॉस्पिटलातून एक प्रमाणपत्र आणा, बाकी मी बघते."

"मी मागितली होती का?"

"भूकंपाचा कागद घेऊन तुम्हीच आला होतात, सर."

"तो सगळ्या गावाला मिळालाय. सरपंचाला हाय, न्हाव्याला हाय. हा मला एकट्याला मिळंल."

"मिळू द्या की. हक्काची गोष्ट आहे. यात कमीपणा कसला?"

"त्या प्रमाणपत्रात लिहितात काय?"

कारकुनाने मला नियम वाचून दाखवला होता. खोटं सांगून उपयोग नव्हता. "अपंगत्व कायमचं आहे, आणि त्यामुळे माणसाची काम करायची ताकद बरीच कमी झाली आहे, असं."

"झालीय का कमी? तुम्ही रोज बघायलात."

हजेरीपट माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. त्या वर्षभरात त्यांची एकही रजा नव्हती. फिजिक्सच्या सरांच्या अकरा होत्या.

"गल्लोगल्ली क्लासेस निघायलेत," ते म्हणाले. "उद्या हा बंद पडला, मी दुसरीकडं गेलो, तर मागचं पगारपत्रक मागतात. ताकद कमी झालेला मास्तर कोण घेईल? पोरं माघारी मला काय म्हणतात ते ठाऊक हाय मला. पोरांचं सोडा. ऑफिसच्या कागदावर नको." मग पुन्हा म्हणाले, "सगळ्यांचा कापता तसा माझाही कापा."

मी मोठ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "मार त्या शेऱ्यावर काट अन् कर मोकळं. एका माणसापायी सगळा कागद पुन्हा कोण करंल?" पण काट मारलेला शब्द न मारलेल्यापेक्षा जास्त वाचला जातो. आणि मुळात चूक माझी होती, दोन्ही बाजूंनी. सरांना न विचारता लिहिलं हे एक, आणि प्रमाणपत्र हातात नसताना कर न कापणं नियमातही बसत नव्हतं. नोटीस आल्यापासून मी सगळ्यांना नियम शिकवत फिरत होते आणि पहिल्याच महिन्यात दया आली म्हणून तो स्वतःच मोडला होता. हे मी मोठ्या सरांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "पुन्हा करते. सकाळपर्यंत होईल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बॅचच्या आधी मी ऑफिस उघडलं. नवा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या, नावं लिहिली, केमिस्ट्रीच्या सरांच्या नावापुढे इतरांसारखा कर लिहिला आणि त्यांच्या पाकिटातून तेवढे पैसे काढून घेतले. शेऱ्याचा रकाना आखलाच नाही. तिकिटं नव्याने चिकटवली. मग कागद टेबलावर फिरवायला न देता स्वतःच एकेका सरांकडे घेऊन गेले.

"काल तर केली होती की सही," फिजिक्सचे सर म्हणाले.

"माझी चूक झाली होती. आज पुन्हा करा."

त्यांनी कागदावरून एकदा नजर फिरवली, केमिस्ट्रीच्या सरांच्या ओळीपाशी थांबले, आणि त्या दिवशी काही न बोलता सही केली. केमिस्ट्रीच्या सरांनी उभ्यानेच सही करून पाकीट खिशात घातलं. मी जुना कागद फाडला, सगळ्यांच्या कापलेल्या कराचं चलान भरलं आणि बँक उघडायच्या आधी जाऊन रांगेत उभी राहिले.