फेर वळवणारी हाक

"नाचता येईना, अंगण वाकडं." आमच्या नृत्यमंडळाची पाटी वाचून ही म्हण ऐकवणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटतं, ती जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली. मानवतच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यातसुद्धा मी ती ऐकलीय. पूर्वी हसायचे. आता म्हणते, "अंगण घेऊन या, सरळ करून देते." आणि मी माझ्या कामाला लागते.

मी शाळेत खेळाची बाई होते. नोकरी संपल्यावर घरात बसणं काही जमेना, म्हणून हे मंडळ काढलं. मंडळ म्हणजे तरी काय, मी, ढोल वाजवणारे एक काका, त्यांची जुनी जीप आणि जिथं जाऊ तिथल्या बाया-पोरी. काका एसटीत कंडक्टर होते. अजूनही फेर सुरू करायच्या आधी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात. गावोगाव जायचं, शाळेत पोरींना नाच शिकवायचा, म्हाताऱ्या बायांना त्यांच्याजवळची गाणी पोरींना द्यायला लावायचं आणि वर्षाच्या शेवटी मानवतच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, शेडमध्ये सगळ्यांचा मेळावा घ्यायचा, असं आमचं वर्ष असतं.

एका वर्षी वालूरच्या बाजूच्या एका शाळेत हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, नाच-बिच म्हणू नका. पालक बोंब मारतील. कवायत म्हणा." म्हटलं, कवायत तर कवायत. त्या वर्षी तिथं आम्ही नागपंचमीच्या फेराची कवायत घेतली. गावातल्या दोन-चार आज्या आल्या, लुगड्याचे ओचे खोचून उभ्या राहिल्या. पोरी मोबाईलवर बघून कंबर हलवण्यात पटाईत, पण एकमेकींचा हात धरा म्हटलं की लाजून चूर. एक आजी वैतागून म्हणाली, "एकट्या एकट्या नाचत्यात बया! हात कुणाचा न्हाई धरला तर पडल्यावर उचलंल कोण?"

त्या पोरींत एक मेंढरं राखणाऱ्या घरातली होती. सातवीतली. उंच, सडपातळ, बोलायचं नाव नाही. दिवाळीनंतर तिचं घरदार मेंढरं घेऊन रानोरान फिरायचं, त्यामुळं शाळेत तिच्या मैत्रिणी अशा कुणी झाल्याच नव्हत्या. फेरात तिचा हात धरायला शेजारची पोरगी कुरकुर करायची. मी दोघींकडं असं काही बघितलं की कुरकुर बंद झाली. मेहेरबानी म्हणून का होईना, हात धरला गेला.

फेराची खरी गोची वळताना असते. उजवीकडं चाललेला फेर सगळ्यांनी एका क्षणात डावीकडं वळवायचा. मी शिट्टी वाजवायचे. गाण्याच्या आवाजात निम्म्या पोरींना ती ऐकू जायची, निम्म्यांना नाही, आणि मग धडाधड एकमेकींवर आपटायच्या. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी ही पोरगी हळूच म्हणाली, "बाई, म्या सांगू का?" मी चिडलेलीच होते. म्हटलं, "सांग बाई, तूच सांग आता!"

फेर सुरू झाला. वळायची वेळ आली आणि त्या मुक्या पोरीच्या गळ्यातून हाक निघाली, "हुर्रर्र… याऽऽ!" सगळा फेर एका झटक्यात वळला. बाहेर सायकल हातात धरून चाललेला शिपाईसुद्धा जागच्या जागी थांबला. मेंढरं वळवायची ती हाक. तिच्या घरची.

मी त्याच दिवशी त्या पोरीच्या प्रेमात पडले, स्पष्टच सांगते. तिला फेराच्या पुढं उभं केलं. कुरकुर करणारी पोरगी आता तिच्या शेजारी जागा मिळावी म्हणून भांडायला लागली. त्या वर्षी आम्ही लेझीम शिकवलं, मास्तर लोकांची शिबिरं घेतली, बायांचे गट बांधले, पण माझ्या लेखी त्या सगळ्याहून मोठं काम ते एक. आणि ती पोरगी दर खेपेला एकच विचारायची, "मानवतला पुढं मीच राहणार ना बाई?" मी म्हणायचे, "तूच." तिला दुसरं काही नको होतं.

दिवाळी झाली आणि तिचं घर मेंढरं घेऊन निघालं. ती पण गेली. त्या वर्षी ते फार लांब जाणार नव्हते, आसपासच्याच रानांत बसणार होते. कापूस वेचून झाला की शेतकरी खतासाठी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. आज या रानात, दोन-चार दिवसांनी त्या रानात. मग आम्हीच ठरवलं, पोरगी शाळेत येत नाही तर शाळा घेऊन तिच्याकडं जाऊ. रविवारी काकांच्या जीपमध्ये फेरातल्या पोरी कोंबायच्या, तिचे वर्ग-मास्तर वह्या-पुस्तकं घेऊन पुढं बसायचे. आधी धडा, मग फेर. तिची आई चुलीवर चहा ठेवायची आणि आमच्याकडं बघत बसायची. बाप मेंढरं घेऊन लांब चारायला गेलेला असायचा.

एका रविवारी मात्र मेंढरं रानातच होती. लस टोचायला डॉक्टर येणार म्हणून बापानं कळप जाळीच्या कुंपणात ठेवला होता. आम्ही शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात फेर धरला. काकांनी ढोल धरला, गाणं रंगलं, आणि वळायची वेळ आल्यावर पोरीनं सवयीनं हाक दिली.

आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. फेरात शिरली की तिला दुनियेची फिकीर नसायची. सगळा कळप उठला. जाळी आडवी करून मेंढरं धावत आली आणि थेट फेरात घुसली. पोरी किंचाळल्या. मास्तर जीपच्या टपावर. काका ढोल डोक्यावर धरून "पुढं सरका, पुढं सरका!" ओरडायले, आता सांगा, कुणाला? घाबरलेल्या पोरीनं कळप वळवायला पुन्हा हाक दिली, आणि कळप वळला तो शेजारच्या हिरव्यागार हरभऱ्यात.

हसू येतंय ना? मलाही येत होतं, शेतमालक येईपर्यंत. "तमाशा मांडलाय का इथं?" म्हणून त्यानं त्या बापाला सगळ्यांदेखत नको नको ते ऐकवलं आणि उद्याच्या उद्या रान खाली करायला सांगितलं. बाप हात जोडून उभा. आपल्या बापाला असं उभं बघून त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मालक गेल्यावर बाप माझ्याकडं वळला. "पोरगी येणार न्हाई बाई मानवतला. झालं तेवढं लय झालं."

मी म्हटलं, "दादा, लेकरू आहे. चुकून झालं. हरभऱ्याचं मी बोलते त्यांच्याशी."

"हरभऱ्याचं न्हाई बोलायलो मी. मेंढरं उठली, हिच्यापाशी आली, अन् तितं काईच नव्हतं. खोटी हाक दिली हिनं. उद्या खरी दिली तर कामून येतील?"

"नाच काय खोटा असतो?"

"ते मला म्हाईत न्हाई. हाक माझी हाय, माझ्या बापाची हाय."

माझं टाळकं सटकलं. "तुमच्या मेंढरांची तेवढी काळजी, आणि पोरीचं काय? वर्षभर वाट बघतीय ती!" काकांनी मला जवळजवळ ओढतच जीपमध्ये बसवलं. मागं बघितलं तर पोरगी मोडलेली जाळी उभी करत होती. आमच्याकडं तिनं बघितलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. शाळेत फेर घेतला तर परत पहिले पाढे पंचावन्न, पुन्हा धडाधड आपटायला सुरुवात. एकीनं तिच्यासारखी हाक द्यायचा प्रयत्न केला, बाकीच्या खो खो हसल्या. घरी मी भांडी आदळत होते आणि मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत होते. अडाणी म्हणून झालं, हट्टी म्हणून झालं. पण भांडता भांडता माझीच शिट्टी मला आठवली. मैदानावर एखाद्या पोरानं गंमत म्हणून माझी शिट्टी उचलून वाजवली, तर मी त्याचा कान असा पिळायचे की बस्स. शिट्टी वाजली की पोरं थांबली पाहिजेत. कुणाच्या पायाखाली कुणी पडलेलं असेल, त्यावर कुणाचे तरी हातपाय अवलंबून असतात. उगीच वाजली तर पुढच्या वेळी कोण थांबणार? माझी शिट्टी खरी, मग त्याची हाक का नाही? मला हे पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. कारण पोरीचं दुःखही तेवढंच खरं होतं.

पुढच्या रविवारी मी आणि काका दोघंच निघालो. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, देवगाव फाट्याच्या पलीकडं गेला होता. फाट्यावरच कळप भेटला, रस्ता ओलांडत होता. निम्मी मेंढरं अलीकडं, निम्मी पलीकडं, आणि वळणावरून ट्रक आला. बापानं हाक दिली. अलीकडची मेंढरं जागच्या जागी थबकली, पलीकडची वळून कडेला दाटली. ट्रक हॉर्न वाजवत मधून निघून गेला.

रानात पोचल्यावर चहा झाला. भाकरी थापता थापता तिची आईच बोलली, "रातीला झोपंत पाय हलवती ती. फेर धरती." बापानं मान खाली घातली.

मी म्हटलं, "दादा, तुमचं हाकेचं मला पटलं. पण पोरीचं काय चुकलं ते सांगा. तिच्याजवळ जे चांगलं होतं ते तिनं आम्हाला दिलं."

त्यानं काडीनं माती उकरली. मग म्हणाला, "येऊ द्या तिला. पन हाक द्यायची न्हाई. कबूल?"

मी पोरीकडं बघितलं. "कबूल," ती म्हणाली. मग मला हळूच विचारलं, "मंग फेर कसा वळणार बाई?" काका म्हणाले, "माझा ढोल काय झोपलाय व्हय? दोन जोराचे ठोके दिले की वळायचं."

शाळेच्या पटांगणात ते जमलं. मानवतच्या मोंढ्यात जमलं नाही. वर पत्रे, बाजूला पोत्यांच्या थप्प्या, समोर बायाबापड्यांची ही गर्दी आणि लाऊडस्पीकर. पत्र्याखाली ढोल असा घुमायला लागला की कुठला ठोका जोराचा आणि कुठला साधा, काही कळेना. पहिलं वळण कसंबसं झालं. दुसऱ्याला निम्म्या पोरी इकडं, निम्म्या तिकडं. हात सुटले. एक पोरगी पडली. मागून कुणीतरी म्हणालंच, "नाचता येईना…" त्याला शोधायला माझ्याकडं वेळ नव्हता, त्याचं नशीब.

आमची पोरगी पुढं उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं. हाक तिच्या गळ्यापर्यंत आलेली मला लांबून दिसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. दे म्हणून मान हलवायचा मला इतका मोह झाला! पण बापाला शब्द आम्ही दोघींनी दिला होता. मी मान हलवली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पाय मात्र चालूच होते, सुटलेला हात ती चाचपडत होती.

आणि मागच्या थप्प्यांच्या बाजूनं हाक आली, "हुर्रर्र… याऽऽ!"

जाडा, रानात फिरून फिरून तापलेला आवाज. पोरीनं मागं बघितलंसुद्धा नाही. पाय आधी वळले. तिच्यामागं सगळा फेर वळला, पडलेली पोरगी उठली, हाताला हात लागला. पुढच्या वळणाला पुन्हा हाक आली. आता समोरच्या बाया हसायला लागल्या, टाळ्या पडायला लागल्या. मी रडत होते. लपवलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर तो थप्पीला टेकून उभा होता, घोंगडी खांद्यावर. मेंढरांजवळ बायको राहिली होती. मला गप्प बसवेना. "काय हो दादा, खोटी हाक द्यायची नव्हती ना?"

"म्या कुठं खोटी दिली?" तो म्हणाला. "पोरी वाट चुकायल्या व्हत्या. चुकलेल्याला हाक द्यावीच लागती."

पोरगी घामानं निथळत त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. तिनं ते ऐकलं होतं. तिनं त्याच्या घोंगडीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग विचारलं, "मंग आता म्या देऊ का, दादा?"

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कुणी चुकलं तर दे."