डोळ्यांची आखणी

ओल्या रंगाचा वास आला की जोहे गावातला आमचा मूर्तींचा कारखाना आठवतो. गणपतींच्या डोळ्यांची आखणी फक्त बाबा करायचे, आणि त्या वर्षी त्यांचाच हात कापायला लागला. पेणच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी मी दीडशहाणपणाने म्हणाले, "बाबा, मेंदूतल्या पेशी एकमेकींना टेकत नाहीत. मधे फट असते, निरोप रसायनातून पलीकडे जातो. तुमचं ते रसायन कमी पडतंय." बाबा हसले. "व्हय? मग आपल्यात फट नको. हात दे गो." माझ्या हातात ब्रश देऊन त्यांनी कापरी बोटं माझ्या मनगटावर ठेवली. वळण त्यांचं, हात माझा. श्वास धरून आम्ही बुबुळ काढलं. रेघ हलली नाही. आता वर्गात शिकवताना फळ्यावर पेशींमधली ती फट काढली की माझा श्वास आपोआप थांबतो, आणि मनगटावर बाबांची बोटं कापतात.