चिलापी पुरानं आणली नव्हती

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अनसिंगच्या बाजारात भेंडी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले. तलावावरून आले, पानी मांगतलं, अन् बसल्या जागीच..." कमलवहिनींनी फोन ठेवला. भेंडी तशीच टाकून निघालो. वाटेत रडू आलं नाही, राग आला. आदल्या दिवशीच हा माणूस माझ्याशी भांडला होता, आणि मिटवायचं राहून गेलं होतं.

भांडण जुनंच. आमच्या गावतलावावर मच्छीमारांची लहानशी संस्था आहे. वामन अध्यक्ष, मी सचिव. म्हणजे तो पाण्यात उतरायचा आणि मी कागद काळे करायचो. तो पिढीजात मासेमार, मी शेतकरी, पण शाळेपासूनची जोडी. तरुणपणी एकदा बहिणीच्या गावाहून एसटीनं तो पत्र्याच्या दोन डब्यांत चिलापी माशाची जिवंत पिल्लं घेऊन आला. परदेशी जात, खायला घालावं लागत नाही, भराभर वाढते. गावाचं भलं होईल या हौसेनं ती तलावात सोडली. वाढली मात्र चिलापीच. काठाची उथळ जागा तिनं बळकावली, बारीक देशी मासळी दिसेनाशी झाली, आणि जिच्यासाठी वाशीमहून गिऱ्हाईक यायचं ती मरळ क्वचितच हाती लागू लागली. सभेच्या वहीत मी लिहिलं, 'चिलापी पुराच्या पाण्यात वाहून आली.' मित्राचं नाव राखलं, असं मला वाटलं.

वामननं मात्र पुढची सगळी वर्षं ती चूक निस्तरण्यात घालवली. पावसाळ्यात जाळं बंद, बारीक घरांचं जाळं कायमचं बंद, हाती आलेली चिलापी पुन्हा पाण्यात टाकायची नाही. नियम मोडणाऱ्यावर तो ओरडायचा नाही. शेजारी बसून बिडी मागायचा आणि उठताना त्याचं जाळं खांद्यावर टाकून घरी न्यायचा. परत मागायला गेलेल्याला चहा मिळायचा, जाळं नाही. मरळीची लाल पिल्लं पावसाळ्यात घोळक्यानं वर फिरतात, आईबाप खाली राखणीला असतात. तेव्हा गळ टाकला की राखणीची मरळ हमखास लागते आणि पिल्लं उघडी पडतात. म्हणून घोळका दिसला की वामन त्या काठावर बाभळीची काठी रोवून चिंधी बांधायचा. चिंधी दिसली की गळ गुंडाळायचा... हे कुठल्या कागदावर नव्हतं, तरी सगळे पाळायचे.

यंदा काहींनी बाहेरचा मांगूर, दुसरे मासे खाऊन वाढणारा मासा, आणून सोडायचं काढलं. चिलापी पुरानं आलीच ना, मांगूरही कधीतरी येईलच, मग आपणच का आणू नये, असं त्यांचं म्हणणं. ते कानावर आलं तसा, जाण्याच्या आदल्या दिवशी, वामन तडक माझ्या घरी आला.

"वहीत खरं लिही. म्या सोडली म्हनून लिही."

म्हातारपणी कशाला नाव घालवतोस, असं मी म्हणालो.

"पुरानं आनली म्हनशीन तं पुराले कोन अडवते? मानसानं आनली म्हनशीन तं मानूस थांबते."

मी वही काढली नाही. चहा न घेताच तो गेला.

तेरवीनंतर मी तलावावर गेलो. काठाशी मरळीचा लाल घोळका होता, आणि समोर काठी रोवलेली. तिला चिंधी नव्हती, वामनचा खांद्यावरचा निळा दुपट्टा होता. जवळच कमलवहिनी बसल्या होत्या. हा कशाला बांधलात, असं मी विचारलं.

"घरी ठेवून मी नुसती पाहत बसली असती, भाऊजी. इथं त्याईच्या कामाले येते."

मला तिथं उभं राहवेना. त्याच आठवड्यात सभा होती. मी सगळ्यांसमोर जुनी ओळ खोडली आणि नवी लिहून मोठ्यानं वाचली. चिलापी पुरानं आली नाही. ती वामननं आणि मी सोडली. दुसरा डबा माझ्या हातात होता. इतकी वर्षं मी मित्राचं नाव राखत होतो की स्वतःचं, हे मला त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

मांगुराचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. आता मरळीची ती पिल्लं मोठी होऊन पांगली आहेत. नियमानं काठी उपटायला हवी... रोज सकाळी मी तिच्यापर्यंत जातो आणि दुपट्ट्याची गाठ घट्ट करून परत येतो.