पांगाऱ्याची फळी घेऊन उरणला

उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर मी गेले ती माझ्या हट्टानं. माझी पोरगी हर्षाली बोलत होती, "आई, मी टेस्टिंगला चाललेय, पिकनिकला नाही. तू येऊन काय करणार?"

मी बोलले, "तू पडशील तेव्हा हसायला कोनीतरी पायजे ना."

मी दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्यांचं पीठ काढायला गेले.

पयल्यांदा वाचतायत त्यांना सांगते. मी कोपरखैरण्याच्या बोनकोडे गावातली. गावातल्याच मराठी शाळेत शिकले, तेवढंच शिक्षन. नवरा गेल्यापासून फिरायला लागले, नि फिरून आल्यावर फोनवर बोलून हे लिहिते. फोन टाइप करतो, म्हनून चुका त्याच्या.

हर्षाली विलायतेत शिकते, समुद्राकाठच्या एका युनिव्हर्सिटीत. काय शिकते विचाराल तर सर्फिंग. सगळे हसतात, तुमी पन हसून घ्या. नुसतं फळीवर उभं राहायचं नसतं त्यात. लाट कुठून उठते, कुठं मोडते, फळी कशाची करायची, किती जाड, किती वाकायला पायजे, हे सगळं सायन्स नि टेक्नॉलॉजी. त्याची डिग्री मिळते. गावात कोनी विचारलं की मी सांगते, पोरगी लाटांची डॉक्टर होनार हाय, दर्याला ताप आला की हिला बोलवतील. माझा दीर, हसुरामभाऊ, तर बोलला, "आमचा बापूस जन्मभर होडीत उभा राहून जाळं टाकी. त्याला कोनी सर्टिफिकेट दिला नाय."

तर या सुट्टीत हर्षाली घरी आली ती प्रोजेक्ट घेऊन. तिकडं फळ्या फोमच्या करतात. ही बोलली, आपल्याकडच्या हलक्या लाकडाची करून बघायची. लाकूड होतं आमच्या पांगाऱ्याचं. ह्यांनी कुंपनाला फांदी रोवलेली, तिचं एवढं मोठं झाड झालं. घराच्या जागी बिल्डिंग उभी करायला घेतली तेव्हा ते पाडावं लागलं. ह्यांनी खोड जळनाला दिलं नाय. पत्र्याच्या शेडमधी ठेवलं. "काय ना काय होईल त्याचं," बोलायचे. मंग तेच गेले.

पोरीनं त्या खोडाच्या पट्ट्या काढून घेतल्या, गच्चीवर बसून महिनाभर घासल्या, चिकटवल्या. वरून काचेच्या धाग्याचं कापड नि रेझिन नावाचा चिकट लेप चढवायचा, म्हंजे पानी आत जात नाय. मंग खाली एक डबी बसवायची. लाट घेतली की फळी किती वाकते, किती थरथरते, ते डबीत जमा होतं. ते आकडे घेऊन तिला परत जायचं होतं. आकडे नसतील तर लाकडाचा प्रोजेक्ट नाय. आनि पाऊस लागला की दर्यात कोनी उतरू देत नाय. मे संपत आलेला. हाताशी एक-दोन भरत्या, बस.

निघालो सकाळी अंधार सरताना. उरणला आता ट्रेन जाते, पन पुरुषभर उंच फळी घेऊन ट्रेनमधी चढलं तर लोक आपल्याला दर्यात टाकतील. हसुरामभाऊचा टेम्पो होता. फळीला गोधडीत गुंडाळली, वरून माझं जुनं लुगडं. भाऊ बोलला, "वहिनी, मयत चाललाय का वऱ्हाड?" मी बोलले, "गाडी चालव, नायतर तुझंच काढू."

पामबीच रोडला त्या वेळेला गाड्या नसतात, मस्त वारा लागतो. सीवूड्सच्या पुढं सिग्नलला एका बाइकवाल्यानं लुगड्यातून बाहेर आलेलं टोक बघून विचारलं, "काकी, काय हाय?" मी बोलले, "इस्त्रीचा टेबल. दर्यातले मासे कपडे चुरगाळतात ना." हर्षालीनं तोंडावर ओढनी घेतली. हसत होती पन. ती हसली की तिची हनुवटी बापासारखी पुढं येते.

जानाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गव्हाण फाट्याच्या पुढं कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागते. कितीही लवकर निघा, तिथं थांबावं लागतंच. पानी, खायचं, सगळं जवळ ठेवा. आमी पन अडकलो. भाऊनं इंजिन बंद केलं. मी डबा उघडला. बसल्या बसल्या मला लयच गम्मत यायला लागली, कारन माझ्या पोटात एक गुपित होतं नि ते मी दर्यावर सांगनार होते. पन माझ्या पोटात काय राहतं?

मी बोलले, "हर्षे, तुझी फळी आज कशी पळते बघ. मी तिला तेल पाजलंय."

ती भाकरीचा घास घेत होती. "काय केलंस?"

"तेल पाजलं. होडीला पाजतात तसं. बाबा दर वर्सी पाजायचे ना, पान्यात टाकायच्या आधी? सुकं लाकूड दर्यात घालतात का कधी?"

"कधी पाजलंस?"

"तू वाशीला रेझिन आनायला गेलेलीस तेव्हा. माशाच्या तेलाला वास मारतो म्हनून खोबरेल लावलं. दोन हात दिले. काय प्यायली गं, पांगारा एकदम तहानलेला."

"रेझिनच्या आधी?"

"मंग काय, नंतर कसं मुरेल?"

तिनं घास डब्यात परत ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला रागवायला लावायची मला सवय, ते मला जमतं. ती हळू बोलली, "आई, तेलावर रेझिन धरत नाही."

मी भाऊकडं बघितलं. भाऊ समोरच्या ट्रेलरकडं बघत होता.

तुमी विचाराल, पोरीला कळलं कसं नाय? लाकूड जरा पिवळं दिसत होतं, तर ती बोलली उन्हानं रंग चढला. आनि वास म्हनाल तर आमच्या घरात खोबरेलाचा वास कुनाला वेगळा वाटनार? तो वास म्हंजे मीच.

"फिरवू का गाडी?" भाऊनं विचारलं.

हर्षाली उठून मागं गेली. गोधडी बाजूला केली नि बोटाच्या पेरानं फळीवर टकटक करत गेली, कलिंगड घेताना करतो तशी. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. वर वाजवलं, मधी वाजवलं, खाली एका जागी दोनदा वाजवलं. परत येऊन बसली.

"वरून तर धरलंय असं वाटतंय," बोलली. "चला. आज नाही तर कधीच नाही."

जासईपासून उरणपर्यंत मी एक जोक मारला नाय. भाऊला काळजी वाटली असनार, त्यानं दोनदा विचारलं, "वहिनी, गाडी लागली का?"

पिरवाडीबद्दल सांगते. उरण स्टँडवरनं रिक्षा मिळते. किनाऱ्याजवळ गाडी लावायला जागा हाय, रविवार सोडून जा. भरतीची वेळ बघूनच जा, नायतर खडक मोजत बसाल. लांब मोठी जहाजं उभी दिसतात, त्यांच्यामुळं दर्या गावच्या तळ्याएवढा वाटतो. पानी निळं-बिळं नाय, आपल्या खाडीसारखंच मातकट. लाटा कंबरेएवढ्या. हर्षालीच्या विलायतेतल्या मैत्रिनी अशा लाटांना पाय धुवायचं पानी बोलत असतील. पन तिला तेवढ्याच पायजे होत्या, साध्या, एकसारख्या.

टपरीवर चहा घेतला. टपरीवाली आमच्यातलीच, करंजा गावची. फळी बघून बोलली, "ही कंची होडी? वल्ही कुठं?"

मी बोलले, "ही पायानी चालते." बोलले खरी, पन मजा नाय आली.

हर्षालीनं फळीवर मेन घासलं, पाय घसरू नये म्हनून. खाली डबी बसवली. दोरी पायाला बांधली. जाताना मला बोलली, "आई, तू पडल्यावर हसायला आलीस ना? मग इथं उभी राहा, नीट दिसेल." मला बरं वाटावं म्हनून बोलली, ते मला कळलं.

ती पोटावर झोपून हातांनी पानी मारत आत गेली. ह्यांच्या होडीत बसून लहानपनी खाडीत हात घालायची, तसेच हात. भाऊ माझ्या शेजारी उभा. पयली लाट तिनं सोडली. दुसरी सोडली. तिसरी आली नि ती उठून उभी राहिली.

काय सांगू. मी डिग्रीला किती हसले असेन. पन पांगारा पान्यावरनं असा आला ना, जसा कोनी त्याला दोरीनं ओढतंय. फेस मागं, ही पुढं, गुडघे वाकवलेले, हनुवटी पुढं. टपरीवाली चहाचा टोप सोडून बाहेर आली. भाऊ बोलला, "दादा पायजे होता."

काठाला येऊन तिनं दोन्ही हात वर केले नि परत फिरली. मी पन हात वर केले. मला वाटलं, चुकली पोरगी, तेलानं काय होत नाय.

पुढच्या लाटेला ती उठली नि लगेच पडली. धपकन, पाय वर. आनि मी हसले. मोठ्यानं, टाळी मारून, किनाऱ्यावरची कुत्री उठली एवढी. तीच तर बोलून गेलेली ना, हसायला उभी राहा म्हनून. मी हसत होते नि ती पान्यातून वर येत नव्हती. म्हंजे ती वर आली, पन फळी उचलून बघत कंबरभर पान्यात नुसती उभी राहिली. लाटा तिच्या पाठीवर आपटत होत्या. मंग मला दिसलं. फळीचं खालचं कातडं सुटून लोंबत होतं. उकडलेल्या बटाट्याचं साल ओढावं ना, तसं. डबी त्याच सालीला चिकटलेली.

तेव्हाचं ते हसू मला परत घ्यायचंय. बाकी सगळं एकवेळ राहू दे.

ती फळी घेऊन बाहेर आली. वाळूवर उलटी ठेवली. खालचं लाकूड पिवळं, गुळगुळीत, वर पान्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळत होते. तेल चांगलंच मुरलेलं.

"डबीत काय आलं?" मी विचारलं.

"एक लाट."

"एकीवर नाय चालनार?"

"एका लाटेवर काय सिद्ध होतं, आई? एक कोणालाही मिळते."

भाऊ बोलला, "आपन दुसरी करू गं. पांगारा काय, कुठंपन मिळतो."

हर्षाली टॉवेलनं केस पुसत होती. "मिळेल काका. बाबांचा नाही मिळणार. आणि आता तेवढे दिवसही नाहीत."

डब्यातल्या भाकऱ्या तशाच होत्या. सोबत सुकटीची चटनी घेतलेली, हर्षालीची आवडती. आमी तिघांनी टपरीच्या बाकावर बसून खाल्ली. टपरीवालीनं चहाचे पैसे घेतले नाय. तिला कोनी काय सांगितलं नव्हतं, पन फळी सगळ्यांना दिसत होती.

ऊन उतरल्यावर परत निघालो तेव्हा मी पुढं नाय बसले, मागं फळीजवळ बसले. तुमी असं करू नका, मागं लय धक्के बसतात. गव्हाण फाट्याला परत रांग होती. हर्षाली पुढनं उतरून मागं आली नि माझ्या शेजारी गोधडीवर बसली.

मी बोलले, "मला शिव्या दे."

ती बोलली, "तुला विचारायला हवं होतं मी, आई."

"काय विचारायचंस?"

"होडी कशी करतात ते. महिनाभर मी गच्चीवर घासत होते, तू चहा आणून देत होतीस. मी एकदा बोलले नाही, बस, बघ मी काय करतेय. नुसतं बोलत राहिले, आई, हात लावू नको."

"मी कुठं विचारलं तुला? तुझी मस्करीच करत बसले."

मंग रांग हलली, बेलापूर मागं पडलं. पुढं पामबीचला दिवे लागले होते, पन सकाळसारखा वारा नव्हता.

जायच्या दिवशी मी दर वेळी तिच्या केसांना तेल लावते. या वेळेला बाटली काढलीच नाय. ती स्वतः कपाटातून घेऊन आली, माझ्यापुढं खाली बसली नि बोलली, "लाव. माझ्या डोक्यावर रेझिन नाही चढवायचंय." मी हसले. हात मात्र लय वेळ तिच्या डोक्यावरच राहिला.

तिकडं तिनं फोमची फळी केली. सगळ्यांसारखी. पांगारा रिपोर्टात एका पानावर गेला, फसलेल्या गोष्टींच्या पानावर. परवा फोनवर मी विचारलं, "त्या पानावर काय लिहिलंस?"

"लिहिलं, लाकडाला आधी तेल लागलं होतं."

"कोनी लावलं ते?"

"ते नाही लिहिलं."

"लिहायचं होतंस की. विलायतेत माझं नाव छापून आलं असतं."

ती तिकडं हसली, मी इकडं हसले. फोन ठेवला. फळी हॉलमधी भिंतीला उभी असते, सालीची बाजू भिंतीकडं करून. तिच्यावर धूळ बसली होती. ती पुसली, कोरड्या फडक्यानं.