काश्यप गोत्राचा शेजारी

शेजारचे काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी देवळात फुलं पाठवली नाहीत.

गास गावातल्या आमच्या वाडीत सोनचाफ्याची झाडं आहेत. फुलं बाजारात जातात, पण रोजची पहिली ओंजळ केळीच्या पानात बांधून गावच्या देवळात न्यायची, ही रीत आजोबांपासूनची. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते आणि फांदी ओढायची आकडी अजून स्वतःच चालवत होते. मी लग्नानंतर स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहते. काकांच्या दफनविधीला आले होते आणि रात्री वाडीवरच थांबले होते. सकाळी पाहिलं, तर आकडी भिंतीला टेकवलेली होती आणि बाबा ओट्यावर बसले होते.

"आज फुलं नाहीत?"

"सुतक आहे," ते म्हणाले.

सुतक कुणाचं, हे समजायला मला थोडा वेळ लागला. काका कॅथलिक होते. आमचं त्यांच्याशी नातं नव्हतं. दोन्ही वाड्यांच्या मधे एक बावखल आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं. त्यातून दोन्ही वाड्या भिजतात. संध्याकाळी दोघं आपापला पंप चालू करायचे आणि पाणी फिरेपर्यंत काठावर बसायचे. घरची बोली दोघांची एकच होती. इथे मी त्यांचं बोलणं छापील मराठीत आणलं आहे. त्यात बरंच सुटतं, याची मला कल्पना आहे.

आई गेली तेव्हा आमच्या घरी तेरा दिवस सुतक होतं. सुतकातल्या हातांनी देवाला फुलं वाहत नाहीत. बाबांनी काकांना हाक मारली आणि तेराही दिवस काकांनी आमच्या झाडांची फुलं तोडून देवळात पोचवली. गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत टाकायचे आणि पायरीखालून पुडा वर द्यायचे. पुजाऱ्यांनी कधी हरकत घेतली नाही. काकांना आमचं सुतक लागत नव्हतं, एवढाच त्यामागचा हिशेब. म्हणजे आमच्या देवाला त्या तेरा दिवसांत जी शुद्ध फुलं मिळाली, ती ख्रिस्ती हातांनी मिळाली. याकडे कुणी थांबून पाहिलं नाही. मीही तेव्हा पाहिलं नव्हतं.

आता काकाच गेले होते. फुलं न्यायला कुणी नव्हतं, आणि बाबांच्या सुतकाला आधार काय, हे मला सापडत नव्हतं.

मी एकोणीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होते. खात्री नसेल तर वाक्य पुढे सोडायचं नाही, ही तिथली सवय. म्हणून देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारलं. ते घंटा पुसत होते. सुतक रक्ताचं असतं, शेजाऱ्याचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "प्रत्येक शेजाऱ्याचं धरायला लागलं, तर देवाने फुलं बघायची कधी? सांगा बाबांना, उद्या पाठवा."

मी निरोप दिला. बाबांनी दहा दिवस फुलांना हात लावला नाही. अकराव्या दिवशी अंघोळ करून आकडी उचलली. दहाच का, तेरा का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेरा घरच्यांना. दहाचा नियम त्यांना कुणी सांगितला, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

इथवर सगळं जेमतेम समजण्यासारखं होतं. खरी अडचण पुढे आली. एका संध्याकाळी मी बावखलाच्या काठावर काकांच्या जागेवर बसले होते. पंप चालू होता. बाबा म्हणाले, "तू लोकांना विचारून लिहितेस ना? मग एक विचारून दे. तो मला परत भेटेल का?"

हा त्या दोघांचा जुना वाद होता. पूर्वी तो गमतीचा होता. काकांचं म्हणणं असं, की माणूस मेला की शरीर मातीत विसावतं, आत्मा आधी पापं धुवायला शुद्धिस्थानात जातो, मग स्वर्गात, आणि जगाच्या शेवटच्या दिवशी सगळे देहासकट उठतात. बाबांचं म्हणणं, आत्मा कर्माप्रमाणे दुसऱ्या कुडीत जातो. बाबा त्यांना चिडवायचे, "तू येशील तोवर मी कुणाच्या तरी पाळण्यात अंगठा चोखत असेन." काका म्हणायचे, "आणि मी वर खुर्ची धरून ठेवायची, आणि तू दर वेळी पुन्हा खालीच." दोघं हसायचे आणि पंप बंद करायचे.

आता एकजण गेला होता. डॉक्टरांनी बाबांना जिना चढायला मनाई केली होती. आपल्या हृदयाचं काय, हे बाबांनी मला कधी विचारलं नाही. त्यांना फक्त एवढंच हवं होतं: काकांचं खरं असेल तर आपण तिथे पोचणार नाही, आपलं खरं असेल तर काका तिथे नाहीत. मग भेट कुठे?

मी वही घेतली आणि विचारायला निघाले. हे काम किती विचित्र आहे, हे मला पहिल्याच ठिकाणी कळलं.

काकांच्या चर्चचे फादर तरुण होते, दुसऱ्या गावाहून आलेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. देवाची दया कुणाच्या दाखल्यावर चालत नाही, चांगल्या विवेकाने जगलेल्या माणसाला दार बंद आहे असं आमचा धर्म म्हणत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, म्हणजे दोघं भेटतील असं लिहू का?

"आशा ठेवायला मनाई नाही, एवढं लिहा," ते म्हणाले.

मी तेवढंच लिहिलं. ते उत्तर होतं की उत्तर टाळणं होतं, हे ठरवता आलं नाही.

भटजींकडे उलट झालं. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. सर्वपित्रीला मित्राच्या नावानेही पिंड देता येतो, त्या यादीत सख्याला जागा आहे. मी म्हटलं, ते ख्रिस्ती होते, त्यांना गोत्र नाही. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, भटजी म्हणाले. आणि त्यांचा पुनर्जन्म झाला असेल तर? तर त्या जन्मात जे अन्न असेल, त्या रूपाने पोचेल. स्वर्गात असले तर? अमृताच्या रूपाने पोचेल. पत्ता चुकत नाही, असं ते अगदी सहज म्हणाले.

भेटीबद्दल विचारलं तर म्हणाले, ऋणानुबंध असेल तर पुढच्या जन्मी होईल, फक्त एकमेकांना ओळखणार नाहीत. घरी येऊन मी हे वाचून दाखवलं. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "ओळखणार नसू, तर ती भेट कसली?"

तरीही सर्वपित्रीला काकांचं पान वाढायचं त्यांनी ठरवलं. त्याआधी काकींना विचारायला हवं होतं. मी कुंपणापलीकडे गेले. काकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. पानात काय काय असतं, हे त्यांनी आधी विचारून घेतलं.

"मासळी नाही? मग तो येईल कशाला?" त्या म्हणाल्या. शेंगा सोलत राहिल्या. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाल्या, "वाढा. वडे दोन जास्त ठेवा. पण बाय, त्याच्या आत्म्यासाठी मी दर महिन्याला चर्चमध्ये मिस्सा सांगते. तो स्वर्गाकडे पुढे पुढे जात असेल. जेवायला बोलवाल ते बोलवा, पण परत पाठवा म्हणजे झालं."

मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत.

अमावास्येला भटजी आले. संकल्पात काकांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते अडखळले. पोर्तुगीज वळणाचं ते नाव संस्कृतच्या कुठल्याच विभक्तीत बसेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ते तसंच उच्चारलं, आणि त्याच्या आधी काश्यप गोत्र लावलं. माझ्या माहितीत काकांचं कुटुंब त्या चर्चचं पिढ्यान् पिढ्या सभासद आहे. त्या दुपारी त्यांना गोत्र मिळालं आणि हे त्यांच्या घरी कुणाला नीट समजावून सांगता येईल असं मला वाटलं नाही.

अंगणाच्या कडेला दोन पानं ठेवली होती. एक आमच्या पितरांचं, एक काकांचं. कावळा आला. तो आधी काकांच्या पानाकडे गेला आणि वडा उचलून कुंपणावर जाऊन बसला, काकींच्या बाजूच्या कुंपणावर.

बाबांच्या चेहऱ्यावर आधी समाधान दिसलं. जेवायला बसलो तेव्हा ते गेलेलं होतं. दोन घास खाऊन ते म्हणाले, "आला म्हणजे अजून तिथे पोचला नाही."

मी म्हटलं, तो कावळा होता, वडे दिसले की कावळा येतो. ते म्हणाले, तसं असेल तर काका आलेच नाहीत. एकात त्यांच्या मित्राची वाट अडत होती आणि दुसऱ्यात श्राद्ध वाया जात होतं. तिसरं काही माझ्याकडे नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला कुंपणाकडे पाठवलं आणि काकींना विचारायला सांगितलं, की या महिन्याची मिस्सा झाली का. झाली होती. बाबांना तेवढ्याने बरं वाटलं. दुपारी पिंड, संध्याकाळी मिस्सेची चौकशी. या दोहोंत त्यांना विसंगती दिसत होती की नाही, हे मी विचारलं नाही. मला स्वतःला दिसत होती आणि तरी मिस्सा झाली हे ऐकून मलाही बरं वाटलं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅथलिक लोक मृतांचा दिवस पाळतात. कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, आणि फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. बाबा यायचंच म्हणाले. दफनभूमीला जिना नाही, म्हणून मी त्यांना रिक्षाने नेलं. मांडीवर केळीच्या पानाचा पुडा होता, देवळात जातो तसाच बांधलेला. त्यांनी तो कबरीवर उघडला. काकींनी चाफ्याची फुलं क्रूसाच्या आकारात मांडली आणि दोन उरली ती केसांत न माळता पिशवीत ठेवली.

शेजारच्या कबरीवरची पाटी नवी होती. बाबांनी विचारलं, तिथे पूर्वी दुसरं नाव होतं ना? काकींनी सांगितलं, जागा कमी आहे, काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात. आधीची हाडं काढून सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवतात. याचीही काढतील.

बाबांना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या वादात काकांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे सगळ्यांच्या हाडांत मिसळणार? मग शेवटच्या दिवशी उठताना आपली कशी शोधणार तो?"

"तो कशाला शोधेल? देव शोधेल. देवाचं काम आहे ते," काकी म्हणाल्या.

फादर दोन रांगा पलीकडे होते. बाबा मेणबत्तीभोवती हात धरून उभे राहिले, वारा होता. मग म्हणाले, "माझी तर हाडंही उरणार नाहीत. राख होईल. तीही पाण्यात जाईल."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ, एवढ्या गर्दीत ज्याला ह्याची हाडं सापडतील, त्याला तुमची राख सापडणार नाही होय?"

फादर आले, पाणी शिंपडलं. काही थेंब बाबांच्या हातावर पडले. त्यांनी ते पुसले नाहीत.

रिक्षात त्यांनी विचारलं, "तिचं लिहून घेतलंस?" मी घेतलं नव्हतं. काकी फादर नव्हत्या आणि भटजीही नव्हत्या. वही पिशवीत होती, ती मी काढून लिहिलं. वर फादरांचं वाक्य होतं, त्याखाली भटजींचं. तिन्ही एकमेकांशी जुळत नव्हती. डेस्कवर अशी बातमी मी परत पाठवली असती.

दुसऱ्या सकाळी मी निघण्याआधी वाडीत गेले. बाबांनी आकडीने चाफ्याची फांदी खाली ओढून धरली होती आणि मी फुलं खुडत होते.

"पण ओळखेल का?" ते म्हणाले.

मी विचारलं, कोण कुणाला.

त्यांनी फांदी सोडली नाही. "मी परत जन्माला आलो तर मला काही आठवणार नाही, असं तो भटजी म्हणतो. मान्य. पण याला आठवेल ना? हा तर तसाच राहणार, नावासकट, त्यांच्या हिशेबाने. म्हणजे मी पाळण्यात असलो तरी वरून हा ओळखेल." मग म्हणाले, "दोघांपैकी एकाने ओळखलं तरी पुरे."

हे कुठल्या धर्मात बसतं, मला माहीत नाही. थंडी सुरू झाली की चाफा कमी होतो. त्या दिवशी नऊच फुलं निघाली. त्यांनी सात देवळाच्या पुड्यात बांधली आणि दोन कुंपणावर ठेवली, काकींना दिसतील अशी.