सोवळा वायू

तारापूरच्या बांधकामावर वेल्डिंगचं सामान सांभाळणारे आमचे कारकून इतके सोवळे, की हमालाचा धक्का लागला तर धोतर झटकत. घरून आणलेला तांब्या टेबलावर असे. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचं खरं प्रेम आर्गॉनवर. पोलादी नळ जोडताना तापलेल्या सांध्याला हवा लागू नये, म्हणून हा वायू सोडत. "कुळवान वायू आहे, बरं का," ते मला रोज ऐकवत. "कुणात मिसळणं नाही, रंग नाही, वास नाही. नाहीतर हे दांडीकर!" सिलिंडर वाहणारा, जवळच्या दांडी गावचा कोळी हमाल यावर नुसता हसे. त्याच्या अंगाला सुक्या बोंबलाचा वास येई, हे मात्र खरं.

एकदा एक गळका सिलिंडर खोल खड्ड्यात पडून राहिला. त्यावरचा नंबर बघायला कारकून स्वतः उतरले आणि गुपचूप आडवे झाले. हवेहून जड आर्गॉन खाली साचला होता, श्वासाला हवाच उरली नव्हती. आम्ही शिकलेले लोक काठावरून जोरजोरात ओरडलो. हमाल मात्र, खडकात अडकलेलं जाळं सोडवायला बुडी मारावी तसा श्वास कोंडून खाली उतरला आणि त्यांना खांद्यावर टाकून वर आला.

शुद्धीवर येताच कारकुनांनी पहिला प्रश्न केला, "मला शिवलं कोण?"

"मी, साहेब," हमाल धापा टाकत म्हणाला. "तुमचा वायू तुमाला न शिवताच मारीत व्हता. म्हनून मी शिवलो."